परसांतील हळद



इतिहास म्हटला कीं आपल्या दृष्टीपुढें गड उभे राहतात, तहनामे येतात, राजवंशांच्या याद्या येतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहें, ती वस्तु मीं दहिसरास, नदीच्या कांठीं, एका जुन्या कौलारू घराच्या मागें केळींच्या विरळ सावलींत पाहिली. दोन हात रुंद आणि सहा-सात हात लांब असा तो वाफा. पहिला पाऊस पडून गेला म्हणजे त्यांतून हिरव्या सुरळ्या वर येतात. श्रावणांत पानें कमरेला लागतात. आणि थंडी सरतां सरतां सारा पाला पिवळा पडून जमिनीस मिळतो. नवख्याला ती कर्दळ वाटेल. पान चुरगळून नाकाशीं धरलें कीं मात्र शंकेला जागा राहत नाहीं. ही हळद.

घरच्या आजींना मीं विचारलें, “आजी, हें बेणें कोठून आणलें?”

“सासूबाईंनीं लावलेलं.”

“आणि त्यांनीं?”

“त्यांच्या माहेराहून. आगाशीहून.”

“आगाशीस कोठून आलें?”

आजी हंसल्या. “अहो, परसांतली हळद काय कुणी विकत आणून लावतं? ती मागून आणायची असते. ज्याच्याकडं आहे त्यानं द्यायची.”

हें उत्तर मला प्रथम नुसतें घरगुती वाटलें. पुढें वनस्पतिशास्त्राचे ग्रंथ चाळतांना लक्षांत आलें कीं, आजींनीं हळदीच्या इतिहासाचें मर्मच एका वाक्यांत सांगून टाकलें होतें. आलें, वेलदोडा, सोनटक्का ह्यांच्या कुळांतली ही वनस्पति. तिला फुलें येतात, परंतु बी बहुधा धरत नाहीं. सर्वसाधारण सजीवांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. हळदीच्या पेशींत तीन असतात, एकवीस-एकवीसांचे, मिळून ६३. तिघांची वांटणी दोघांत सरळ होत नाहीं, त्याप्रमाणें येथेंहि बीज बनण्याची क्रिया अडखळते. तेव्हां हळद वाढते ती केवळ कंदापासून. आंब्याची कोय कोणीं वाटेंत टाकली तर तिचें झाड होईल. वडाचें बी पक्षी देवळाच्या शिखरावर नेऊन ठेवतो. हळदीला वारा नेत नाहीं, पक्षी नेत नाहीं. एका कुंपणाच्या पलीकडेदेखील ती स्वतः होऊन फारशी जात नाहीं. जेथें जेथें हळदीचा वाफा आहे तेथें तेथें तो कोणा तरी मनुष्याच्या हातानें पोंचलेला आहे, आणि त्या हाताला तो आणखी कोणा हातानें दिलेला आहे. खऱ्या रानटी अवस्थेंत ही जाति कोठें आढळलेली नाहीं. म्हणजे मनुष्य वजा केला तर हळद उरत नाहीं. अशा वनस्पतीला निसर्गाच्या खात्यांत घालावें कीं इतिहासाच्या, हा प्रश्न मला खरोखरच पडतो.

ही हातांची सांखळी किती मागें जाते? हरियाणांत फरमाणा म्हणून एक गांव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें तेथें सिंधु संस्कृतीच्या काळची वस्ती उत्खनन करून काढली. तेथल्या मडक्यांच्या खापरांवर आणि मृतांच्या दांतांवर जे सूक्ष्म पिष्टकण चिकटून राहिले होते ते तपासून अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर ह्या संशोधकांनीं इ. स. २०१० मध्यें त्यांत हळदीची व आल्याची ओळख पटविली. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या मनुष्याच्या दांतांत अडकलेली चव आपल्या परिचयाची आहे. पुढें अमरकोशांत हिला कांचनी, पीता, वरवर्णिनी अशीं नांवें मिळालीं. तीं सुंदर आहेत. परंतु घरांत त्यांतलें एकहि चाललें नाहीं. घरांत ‘हरिद्रा’ झिजून ‘हळद’ झाली आणि तेवढीच राहिली.

आतां आपल्या साष्टीकडे वळूं. दहिसर हें आज मुंबईचें उपनगर आहे, पण तें १९५७ सालीं बृहन्मुंबईत सामील झालें. त्यापूर्वीं शतकानुशतकें तें साष्टी बेटाच्या उत्तर टोंकाचें खेडें होतें. पूर्वेस कान्हेरीचें रान, पश्चिमेस मनोरीची खाडी, मधून तुळशीच्या डोंगरांतून येणारी नदी. ह्या भागावर १५३४ पासून पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि त्याच सालीं गार्सिया द ऑर्ता नांवाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. मुंबईचें बेट त्याला पुढें सरकारकडून खंडानें मिळालें होतें. आपल्या ह्या किनाऱ्यावरच्या औषधी वनस्पतींविषयीं त्यानें संवादरूपानें एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. हिंदुस्थानांत छापलेल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकीं हा एक. त्यांत हळदीचें प्रकरण आहे. पोर्तुगीज लोक तिला ‘ह्या भूमींतलें केशर’ म्हणत, असें तो सांगतो, आणि मग निरनिराळ्या लोकांचीं नांवें देतो: मलबारी म्हणतात मंजळ, इराणी म्हणतात दारझर्द, म्हणजे पिवळें लांकूड, आणि कोंकणी लोक म्हणतात ‘आलाद’. पोर्तुगीज कानाला ‘ह’ ऐकूं येत नाहीं. तो परत घातला कीं ‘हळद’ हा शब्द तुमच्या-माझ्या तोंडांत आहे तसाच त्या साडेचारशे वर्षांपूर्वींच्या पानावर उभा राहतो. कोणा बाईनें, कोणा माळ्यानें, कोणा वैद्यानें त्याला तो सांगितला असेल. सांगणाऱ्याचें नांव ग्रंथांत नाहीं. उच्चार मात्र राहिला.

ह्या ऑर्ताची कथा येथें संपत नाहीं, आणि ती सांगितल्यावांचून पुढची गोष्ट कळायची नाहीं. तो मूळचा यहुदी कुळांतला. धर्मांतर केलेल्या घराण्यांतला. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचें न्यायासन, स्थापन झालें. १५६८ मध्यें ऑर्ता वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यांत आलें. आणि १५८० मध्यें, तो गुप्तपणें यहुदी धर्म पाळीत होता असा निर्णय देऊन, त्याचीं हाडें उकरून जाळलीं. हळदीचें नांव ज्यानें टिपून ठेवलें त्याला मूठभर मातीहि लाभली नाहीं.

त्याच न्यायासनाची दृष्टि पुढें हळदीवर पडली. १७३६ च्या एप्रिलमध्यें त्यानें एक लांबलचक आज्ञापत्र काढलें. कै. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांनीं गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथांत ह्या आज्ञापत्राची माहिती दिली आहे. नव्या ख्रिस्त्यांच्या घरांत जुन्या चालींचा जो जो अवशेष उरला होता त्याची त्यांत एकेक करून बंदी केली आहे. लग्नांतलीं गाणीं नकोत, अंगणांत तुळस नको. आणि लग्नाआधीं वधूवरांना वाटलेलें ‘केशर’, दूध, खोबरेल तेल, तांदळाची पिठी व अबोलीच्या पानांचा रस लावावयाचा नाहीं. हें केशर म्हणजे काश्मीरचें केशर नव्हे, हें वेगळें सांगावयास नको. गरीब कोंकणी घरांत खरें केशर कोठून यावें? ऑर्तानें ज्याला ‘ह्या भूमींतलें केशर’ म्हटलें तेंच हें. परसांतून उपटून पाट्यावर वाटलेलें.

हें कलम मी वाचलें तेव्हां माझ्या मनांत राग यावयाच्या ऐवजीं एक विचित्र आदर आला. लिहिणाऱ्याला हळदीचें सामर्थ्य किती नेमकें समजलें होतें! धर्म बदलला, नांव बदललें, पोषाख बदलला, तरी लग्नाच्या आदल्या दिवशीं मामी-मावशी हातांत हळदीची वाटी घेऊन येतात तोंपर्यंत मनुष्य आपल्या माणसांतून तुटलेला नसतो. उष्टी हळद नवऱ्यामुलाची लागते ती नवरीला. एका घरची वाटी दुसऱ्या घरीं जाते. जी वनस्पति हातांहातानेंच जगते तिचा विधीहि हातांहातानेंच व्हावा, हा योगायोग म्हणा कीं आणखी कांहीं म्हणा. आज्ञापत्र रोखावयास निघालें होतें तें हें हातांनीं देणें-घेणें. परंतु अंमल कठीण होता. तुळस वृंदावनांत उभी असते. ती दिसते, उपटतां येते. हळद वर्षाचा बराच काळ मातीखालीं निजलेली असते, आणि वर असते तेव्हां ती स्वयंपाकघराची असते. तिच्या वाफ्याकडे पाहून, ह्यांतला कोणता गड्डा आमटीचा आणि कोणता लग्नाचा, हें कोणता अधिकारी सांगणार?

हें आज्ञापत्र गोव्याकडील प्रजेला उद्देशून निघालें होतें, हें खरें. पण त्या न्यायासनाचा अधिकार वसई प्रांतावरहि चाले, आणि दहिसर त्या प्रांतांतलें. दहिसर आणि बोरिवली ह्यांच्या सीमेवरचें मंडपेश्वराचें लेणें आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. शिवाच्या त्या लेण्याचें सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनीं देऊळघर केलें; त्याच्या माथ्यावर बांधलेल्या इमारतीच्या भिंती अजून उभ्या आहेत. १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली, मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांचीच राहिली. दगडाचें लेणें ह्या प्रत्येक फेऱ्यांत नवीं खूण अंगावर घेत गेलें. परसांतल्या हळदीवर मात्र कोणत्याहि राज्याची मुद्रा उमटली नाहीं. साष्टींतलीं जीं कुटुंबें ख्रिस्ती राहिलीं, ज्यांनीं १८८७ पासून स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें, त्यांच्या बायका उन्हाळ्यांत कुटून बाटल्यांत भरून ठेवतात त्या प्रसिद्ध बाटली-मसाल्यांतहि हळद आहे. शेजारच्या वाडवळ, आगरी, कोळी घरांच्या मसाल्यांतहि आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला ज्या पातोळ्या उकडतात त्या हळदीच्याच पानांत; आणि आपल्याकडे नागपंचमीला उकडतात त्याहि त्याच पानांत. तांदळाची पिठी, गूळ, खोबरें. वाफ लागली कीं पानाचा वास पिठींत उतरतो. ज्यांना हळद म्हणजे केवळ डब्यांतली पूड ठाऊक आहे त्यांना हा वास सांगून समजणार नाहीं. आणि हें पान बाजारच्या भरवशावर फारसें मिळत नाहीं. म्हणूनच कोंकणपट्टींतल्या घरांनीं परसांत हळद ठेवली, असें माझें मत आहे. पूड करावयाची तर पांच शेर ओल्या हळदीची जेमतेम शेरभर सुकी होते. शिजवा, पंधरा दिवस वाळवा, घासा, कुटा. त्यापेक्षां सांगलीची आणलेली बरी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे, आणि हरिपुरास तिच्या सांठवणीसाठीं खणलेलीं जमिनींतलीं पेवें प्रसिद्ध आहेत. पण तो व्यापाराचा इतिहास. तो स्वतंत्र आहे.

साष्टीच्या रानांत मात्र हळदीची एक बहीण खरोखरच वन्य आहे. टपालखात्यांतले एक इंग्रज अधिकारी जॉन ग्रॅहॅम ह्यांनीं मुंबई व आसपासच्या वनस्पतींची एक यादी तयार केली. ती १८३९ मध्यें छापली जात असतांनाच ते वारले, आणि त्यांचे मित्र निम्मो ह्यांनीं ती पुरी केली. त्या यादींत ‘कुर्कुमा स्यूडोमॉन्टाना’ हें नांव प्रथम आलें. हीच आपली रानहळद. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत, दहिसर नदीच्या उगमाकडच्या उतारांवर, पावसाळ्यांत तिचे गुलाबी तुरे व त्यांतून डोकावणारीं पिवळीं फुलें दिसतात. नंतर सेंट झेवियर कॉलेजचे फादर ब्लॅटर ह्यांनीं आणखी एका बहिणीला ‘वास नसलेली’ अशा अर्थाचें नांव दिलें. ह्या बहिणी रानांत आपल्या आपण नांदतात. घरच्या हळदीचें तसें नाहीं. तिचें रान म्हणजे आपलें परस.

आपल्या घरांत जें हजारों वर्षें चाललें आहे तें लिहून ठेवलें नाहीं तर काय होतें, ह्याचा धडा विसाव्या शतकाच्या शेवटीं मिळाला. मार्च १९९५ मध्यें अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठांतल्या दोघां संशोधकांना, जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याचा एकाधिकार, म्हणजे पेटंट, देण्यांत आला. ते दोघेहि जन्मानें भारतीय, ही त्यांतली आणखी एक गंमत. विळ्यानें बोट कापलें कीं चिमूटभर हळद दाबून धरावी, हें ज्या देशांत लहान मुलाला शिकवावें लागत नाहीं त्या देशाला आतां तें सिद्ध करावयाचें होतें. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं, हरकत घेतली. तेथें आजीचें तोंडचें बोल चालत नव्हतें. छापलेला पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांतल्या १९५३ च्या एका लेखापर्यंत शोध घेऊन ३२ आधार गोळा केले गेले, आणि १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें. विजय झाला, आनंद झाला. पण अर्ध्या हळकुंडानें पिवळें होऊं नये. तेथें ज्ञान वांचलें. बेणें वांचविण्याचें काम कोणत्याहि न्यायासनापुढें होत नसतें.

तें कसें होतें, हें मला आजींच्या वाफ्यानें दाखविलें. २००५ च्या २६ जुलैला जो भयंकर पाऊस झाला त्या वेळीं दहिसर नदीचें पाणी कांठ सोडून वस्तींत शिरलें. आजींच्या परसांत तें कमरेइतकें चढलें, आणि ओसरल्यावर वाफ्यावर वीतभर गाळ बसला. हळदीला पाऊस हवा, पण सांचलेलें पाणी तिचा काळ आहे, कंद कुजतात. आजींच्या सासूबाईंनीं आगाशीहून आणलेलें, साठ-सत्तर वर्षें त्या घरांत राहिलेलें बेणें आठ दिवसांत संपलें. “मला पुरात गेलेल्या भांड्यांचं काही वाटलं नाही,” आजी म्हणाल्या, “पण पाल्याला हात लावला अन् तो तसाच वर आला, तेव्हा बसून रडले.”

मग? मग पुढच्या चैत्रांत आजींची नणंद विरारहून आली ती पदरांत सहा गड्डे बांधून. वीस वर्षांपूर्वीं तिनें आजींकडूनच बेणें नेलें होतें. तेंच परत आलें. नुसत्या तशाच जातीचें नव्हे, अक्षरशः तेंच. कारण कंदापासून वाढलेली हळद म्हणजे त्याच एका झाडाचें शरीर पुढें वाढलेलें असतें. आजी द्यावयास चुकल्या असत्या तर घ्यावयासहि कांहीं उरलें नसतें.

ज्या श्रोत्यांना घरीं हळद लावावयाची इच्छा असेल त्यांच्यासाठीं आजींची रीत थोडक्यांत सांगतों. अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत केव्हांहि लावावी. डोळा फुगलेला जेठा गड्डा, म्हणजे मधला मातृकंद, बेण्याला उत्तम. बोटासारखीं हळकुंडें घरांत वापरावीं. चार बोटें खोल, वीत-दीड वीत अंतरानें, डोळा वर करून. जमीन उतरती किंवा गादीवाफा, सावली विरळ, वर पालापाचोळ्याचें पांघरूण. कोंब यावयास तीन-चार आठवडे लागतात. तोंवर उकरून पाहूं नये. भाद्रपदांत मातीची भर द्यावी. पातोळ्यांसाठीं पानें घ्यावीं तीं बाहेरचीं, आणि एका रोपाचीं एक-दोनच. पाला पूर्ण वाळल्यावर, माघ-फाल्गुनांत, काढावी. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण उतावळ्यांसाठीं आहे. हळद स्वतः आठ-नऊ महिन्यांखेरीज कांहीं देत नाहीं. निवडलेले जेठे गड्डे सावलींत, कोरड्या वाळूंत, पाल्यानें झांकून ठेवावे. आणि ठेवण्याआधीं त्यांतले दोन-चार कोणाला तरी द्यावे. हा शेवटचा नियम कृषिशास्त्राच्या पुस्तकांत नाहीं, पण आजी तो पाण्याच्या नियमाइतक्याच गंभीरपणें सांगतात.

गेल्या फाल्गुनांत मी पुन्हां दहिसरास गेलों. नदीकांठचें तें घर पाडून तेथें नवी इमारत उठावयाची आहे. कागदपत्रें झालीं आहेत, आजी मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहावयास जाणार आहेत. वाफा त्या दिवशीं शेवटचा खणला जात होता. केळीच्या बुंध्याशीं गोणपाट पसरलें होतें, आणि त्यावर ओल्या मातीचा, आंतून नारिंगी, असा ढीग. शेजारच्या बायका, एक ईस्ट इंडियन गृहस्थ, वरच्या आळींतली एक शाळेंतली मुलगी, अशी सात-आठ माणसें पिशव्या घेऊन आलीं होतीं. आजी एकेक गड्डा उचलून डोळे पाहत होत्या आणि वांटीत होत्या. मीहि रुमाल पुढें केला.

त्यांनीं स्वतःसाठीं तीन ठेवले, आणि रंगाच्या रिकाम्या डब्याला तळाशीं भोंकें पाडावयास नातवाला सांगितलें.